धोतऱ्याच्या भाजीनंतरचे दोन दिवस

आमचे गाव पलूस तालुक्यातले. सागरेश्वर जवळ असल्यामुळे श्रावणी सोमवारी घरोघरी महादेवाच्या पूजेची तयारी असते, आणि बेलाबरोबर धोतऱ्याचे फूल वाहण्याचा रिवाज आमच्याकडे आजोबांपासून चालत आला आहे. गेल्या श्रावणातील तिसऱ्या सोमवारी मी मळ्याच्या बांधावरून धोतऱ्याची फुले कोवळ्या डहाळ्यांसकट तोडली आणि तिथेच उगवलेला तांदुळजा खुडून त्याच पिशवीत टाकला. पत्नीने देवघरातली घाई सांभाळत भाजी निवडली, तेव्हा डहाळ्यांची गळलेली पाने तांदुळज्यात मिसळली असावीत. तिचा कडक उपवास होता. मला मधुमेह असल्यामुळे मी उपवास धरत नाही, म्हणून दुपारी एक वाजता भाकरी आणि ती भाजी मी एकट्यानेच खाल्ली. भाजी थोडी कडवट लागली, पण पावसाळ्यातली पालेभाजी कधी कधी तशी लागते, असे समजून मी काही बोललो नाही.

घशाला कोरड पडली आणि दोन तांबे पाणी पिऊनही ती जाईना, इथपर्यंतचे मला आठवते. तेथून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंतचे जवळजवळ काहीच आठवत नाही. त्यामुळे यापुढचा बराचसा भाग पत्नी, पुतण्या आणि दवाखान्याचे केसपेपर यांच्या आधाराने लिहिला आहे.

पावणेदोनच्या सुमारास मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो आणि शिकवू लागलो. मी माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे विज्ञान शिकवले, तेव्हा शिकवणे नवीन नव्हते. समोर वर्ग नव्हता, एवढेच. चौदा वर्षांपूर्वी वारलेल्या थोरल्या भावाला मी बसायला पाट दिला आणि चहा टाकायला सांगितला. शुगर उतरली असेल म्हणून शेजारच्या वहिनींनी माझ्या तोंडात चमचाभर साखर घातली, पण ती विरघळलीच नाही, कारण तोंडात लाळेचा थेंबही नव्हता. यंत्रावर शुगर १४२ आली, तेव्हा तो तर्क संपला. मग कोणी ‘बाहेरचे’ म्हणाले, कोणी दबक्या आवाजात दारूचा विषय काढला. पुतण्याने दोन्हींकडे दुर्लक्ष करून गाडी काढली.

तालुक्याच्या दवाखान्यातील तरुण डॉक्टरांनी आधी विचारले, “आज फवारणी केली होती का?” द्राक्षाच्या आणि उसाच्या या पट्ट्यात तसे विचारणे साहजिक आहे, कारण कीटकनाशकाची विषबाधा इथल्या डॉक्टरांना नवी नसते. पण त्यांनी डोळ्यांवर बॅटरी मारली आणि त्यांचा अंदाज बदलला. ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाने बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ गळते, अंग घामाने निथळते. माझ्या बाहुल्या इतक्या विस्फारल्या होत्या की बुबुळाचा रंग जेमतेम दिसत होता आणि उजेड पडूनही त्या आकसत नव्हत्या. अंग तापून लाल झाले होते, ताप १०२ होता, नाडी १३८, आणि काखेत हात घातला तर ती ठणठणीत कोरडी. ओटीपोट फुगले होते, कारण लघवी अडली होती. डॉक्टरांनी पत्नीला दुसरा प्रश्न विचारला, “घरात धोतरा आणला होता का?” तिला रडू कोसळले.

त्या दोन चित्रांतला विरोध मला पुढे फार उद्बोधक वाटला. आपल्या शरीरात ॲसिटिलकोलीन नावाचे एक रसायन नसांचा निरोप लाळेच्या आणि घामाच्या ग्रंथींना, बाहुलीच्या स्नायूला, हृदयाला आणि मूत्राशयाला पोहोचवते. कीटकनाशकामुळे ते साचत जाते आणि निरोप थांबत नाही. धोतऱ्यातील ॲट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही अल्कलॉइड्स, म्हणजे वनस्पतीत तयार होणारी तीव्र परिणामाची द्रव्ये, नेमकी उलटी वागतात: निरोप घेणाऱ्या मस्करिनिक ग्राहींवर ती ठाण मांडतात आणि ॲसिटिलकोलीनला जागाच देत नाहीत. म्हणूनच फवारणीच्या विषबाधेत ज्या ॲट्रोपिनच्या इंजेक्शनांनी माणूस वाचतो, ते माझ्या अंगात आधीच जास्त झाले होते. पहिल्या अंदाजावर विसंबून डॉक्टरांनी मला तेच टोचले असते, तर आगीत तेल पडले असते.

सांगलीच्या एका मोठ्या रुग्णालयात आम्ही पाचच्या आत पोहोचलो. तेथे नळी घालून पोट धुतले. जेवून चार तास होत आले होते, तरी पानांचे तुकडे निघाले, कारण हीच अल्कलॉइड्स आतड्यांची आणि जठराची हालचाल मंदावतात आणि अन्न पोटात रेंगाळते. मग कोळशाची भुकटी पाण्यातून दिली, लघवीसाठी नळी बसवली, सलाईन लावले, ओल्या कपड्याने अंग पुसत राहिले, आणि तडफड थांबावी म्हणून झोपेच्या औषधाचे इंजेक्शन दिले. या विषावर फायसोस्टिग्मिन हा उतारा आहे, तो आफ्रिकेतील एका शेंगेच्या बियांतून मिळतो. पण तो जपून द्यावा लागतो आणि मला तो द्यावा लागला नाही.

रात्रभर मी बोटांच्या टोकांतून न दिसणारे दोरे ओढून काढत होतो आणि गुंडाळून पत्नीच्या हातात देत होतो, असे ती सांगते. चादरीवरचे नसलेले मुंगळे झटकत होतो. बिछाना चाचपणे आणि बोटांतून धागे ओढणे ही या विषबाधेची नेहमीची लक्षणे आहेत, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर मला चमत्कारिक दिलासा वाटला. निदान वेड माझे एकट्याचे नव्हते. ॲट्रोपिन हे नाव आयुष्याचा धागा कापणाऱ्या अट्रोपोस या ग्रीक देवतेवरून आले आहे. हे मी वर्गात कधी सांगितले नव्हते.

घरी आल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याने, तो औषधनिर्माणशास्त्र शिकतो, उत्सुकतेने विचारले, “सर, म्हणजे मशरूमसारखाच अनुभव का?” मेक्सिकोतील ज्या अळंब्यांतून अल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञांनी १९५८ साली सायलोसायबिन हे भ्रम घडवणारे द्रव्य वेगळे केले, त्यांच्याबद्दल त्याने वाचले होते. सायलोसायबिनचे शरीरात सायलोसिन होते आणि ते मेंदूतील सेरोटोनिन या दुसऱ्या निरोप्या रसायनाच्या २ए ग्राहींना उद्दीपित करते. रंग आणि आकार बदललेले दिसतात, काळाचे भान बदलते, आणि सुमारे चार ते सहा तासांत ते ओसरते. पण बहुतेक वेळा त्या माणसाला आपण काही घेतले आहे हे ठाऊक असते आणि नंतर ते आठवतेही. धोतऱ्यात दिसणे बदलत नाही, पारखणाराच नाहीसा होतो. मला दादा दिसल्याचे नवल वाटले नाही, कारण नवल वाटायला जे जागे असावे लागते तेच झोपले होते. शिवाय पानागणिक, झाडागणिक अल्कलॉइडचे प्रमाण बदलते, त्यामुळे किती खाल्ले यावरून काय होईल हे सांगता येत नाही. आयुर्वेदात धोतऱ्याचे बी शोधन, म्हणजे विषारीपणा कमी करण्याची प्रक्रिया, केल्याशिवाय वापरत नाहीत, ते उगीच नव्हे. मी त्याला हे जरा कडक आवाजातच सांगितले.

मंगळवारी सकाळी शुद्ध आली, पण जवळचे दिसत नव्हते, कारण डोळ्यातील भिंग जवळच्या वस्तूसाठी जुळवून घेणारा स्नायू अजून सुन्नच होता. विषबाधा असल्यामुळे पोलिसांना कळवणे रुग्णालयाला भाग होते. हवालदार जबाब घ्यायला आले आणि त्यांनी पत्नीला आधी बाहेर बसवले. घरात काही वाद, जमिनीचे काही, कोणावर संशय, असे सगळे विचारून झाल्यावर ते म्हणाले, “बरं, दुपारी एकनंतर काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा.” मी म्हणालो, “आठवत नाही.” त्यांनी पेन खाली ठेवले. शेवटी पिशवीची हकिगत मीच सांगितली, पिशवी मी भरली होती हे दोनदा सांगितले, आणि ते लिहून झाल्यावर त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर निळसर ओळी पोहत होत्या. ‘जबाब मी वाचला, तो बरोबर आहे’ या शेवटच्या ओळीतील ‘मी वाचला’ खोडून त्यांनी ‘मला वाचून दाखवला’ असे केले, आणि माझे बोट धरून सहीच्या जागी टेकवले.