परफॉर्मन्स इंजिनाचा आणि माणसाचा

फोनचा परफॉर्मन्स, बॅट्समनचा परफॉर्मन्स, स्टेजवरचा परफॉर्मन्स, ऑफिसातला परफॉर्मन्स रिव्ह्यू... एकच शब्द आपण सगळीकडे वापरतो आणि मला सारखं वाटतं की त्यातला मशीनचा अर्थ बाकीच्यांच्या डोक्यावर चढून बसलाय.

मशीनपुरता तो बरोबरच आहे. इंजिन टेस्टला लावा, लोड तोच, इंधन तेच, मग आज आलेला आकडा उद्याही यायला हवा, नाही आला तर काहीतरी बिघडलंय. १ हॉर्सपॉवर म्हणजे साधारण ७४६ वॅट, विषय संपला.

गाणाऱ्याचं तसं नसतं ना. गाणं तेच, गायक तोच, पण आज गळा वेगळा लागलाय, समोरचे लोक वेगळे आहेत, आणि ते वेगळेपण ऐकायलाच तर लोक लाइव्ह कार्यक्रमाला जातात. १९५२ मध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केजची ४ मिनिटं ३३ सेकंदांची रचना पहिल्यांदा सादर झाली तेव्हा वादक डेव्हिड ट्यूडर पियानोपाशी बसला आणि त्याने एकही सूर वाजवला नाही. आउटपुट मोजायला गेलात तर शून्य! तरी तो परफॉर्मन्सच, कारण तेवढ्या वेळात आजूबाजूचे जे आवाज कानावर पडतील तेच संगीत, अशी केजची कल्पना होती.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो भाषाशास्त्रातला अर्थ. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीने १९६५ मध्ये फरक मांडला की भाषेचं मनातलं ज्ञान म्हणजे कॉम्पिटन्स आणि प्रत्यक्ष बोलणं म्हणजे परफॉर्मन्स. बोलताना माणूस अडखळतो, लक्ष उडतं, वाक्य अर्धवट सोडून दुसरंच सुरू करतो, पण म्हणून त्याला भाषा येत नाही असं कोणी म्हणणार नाही. त्याने हे भाषेपुरतं मांडलं, मला मात्र ते परीक्षेला आणि रिव्ह्यूलाही लावावंसं वाटतं. रात्रभर तापाने फणफणलेली मुलगी पेपरात गडबडली तर तिला गणित येत नाही का? घरी आजारपण चालू असलेल्या माणसाचं एक वर्ष ढिलं गेलं की त्याला लगेच 'लो परफॉर्मर' म्हणतात, म्हणजे कामाच्या एका वर्षाचं वर्णन सरळ माणसालाच चिकटवून टाकायचं, हे मला खरंच अन्यायाचं वाटतं.

मोजूच नका असं मी म्हणत नाहीये, कामाचा हिशोब लागतोच. फक्त त्या फॉर्मवर रेटिंगच्या आधी एक रकाना हवा, या वर्षी तुमच्या कामाच्या आड काय काय आलं, आणि तो वाचल्याशिवाय मॅनेजरला पुढचा आकडा भरताच येऊ नये.