वीट, लाटणे आणि कोयना

आपल्या शाळेत भूकंपाच्या तासाला खडूआधी वीट यायची. पाटण खोऱ्यातल्या मुलांना हादरा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तो का बसतो आणि पुढचा कधी बसणार हे का सांगता येत नाही, एवढेच शिकवायचे असते. भूगोलाच्या सरांची ती मांडणी शाळेच्या महोत्सवाच्या निमित्ताने लिहून ठेवतो. हल्ली पडद्यावर रंगीत भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचे मोठे तुकडे) लोण्यावरून गेल्यासारखे सरकतात, आणि घोळ तिथेच होतो: खरे खडक अडकून राहतात आणि मग एकदम सुटतात.

दीड मीटरची सपाट फळी घ्यावी. तिच्यावर 80 नंबरचा काचपेपर फेविकॉलने चिकटवावा, तसाच तुकडा तीनेक किलोच्या विटेच्या तळाला. दोरी विटेला तळालगत बांधावी; वर बांधली की वीट सरकायचे सोडून पुढे नाक टेकते. वीट आणि दोरी यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी. दोरीचे दुसरे टोक लाटण्याला गुंडाळून लाटणे पाव-पाव वेढ्याने फिरवायचे. हाताने ओढू नये. हात नकळत झटके देतो, मग तो भूकंप विटेचा राहत नाही.

वीट म्हणजे अडकलेला खडक, पट्टीतला ताण म्हणजे खडकात साठणारा ताण. पट्टी ताणत जाते, वीट ढिम्म. मग एकदम खर्रकन सरकते. दरवेळी दोनच आकडे लिहायचे: किती पाव वेढे लागले आणि वीट किती सेंटिमीटर गेली. वीसेक नोंदी झाल्यावर पुढचा आकडा ओळखायला सांगा. कुणालाच जमत नाही, कारण लाटणे एकसारखे फिरवले तरी काचपेपरची पकड जागोजागी वेगळी. वापरून कागद गुळगुळीत झाला की वीट नुसती घसरत राहते. तेव्हा तो बदलावा.

कोयनेसाठी एक पायरी जास्त. धरणाच्या पाण्याने भूकंप कसा होतो असे विचारले की ‘पाण्याने वंगण होते’ हे चुकीचे उत्तर वर्गात हमखास येते. पट्टी वीट सरकायच्या बेताला आणून थांबा आणि विटेला अडकवलेला ताणकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा) अलगद वर उचला. काटा अर्ध्या किलोपर्यंत जातो न जातो तोच वीट निसटते. लाटण्याला कुणी हात लावलेला नसतो. भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब खडकांची एकमेकांवरची पकड अशीच सैल करतो. (जलाशयाच्या वजनाचाही थोडा वाटा असतो.) पट्टी ढिली असताना मात्र काटा तेवढाच उचलून काही होत नाही. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय 1962च्या सुमारास भरू लागला, 11 डिसेंबर 1967ला 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. पण ताण खडकात आधीपासूनच होता.

विटेत न दिसणारी गोष्ट एकच. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो, टक्कर हिमालयात होते, मग 30 सप्टेंबर 1993ला किल्लारी का हादरली? त्यासाठी शिळी, कडक भाकरी आणावी. समोरासमोरच्या कडांनी दाबली की ती कडेला नाही, आतल्या जुन्या तड्यावर मोडते. तडा आधीच नखाने पाडून ठेवावा, नाहीतर ती कुठेही मोडते आणि तास चुऱ्यात जातो.