आग कळते, बधिरपणा कळत नाही

मी केज तालुक्यातला प्राथमिक शिक्षक. घरात माळ असल्यानं अंडी-मटण नाही. शुगर जुनी, तिच्यासाठी मेटफॉर्मिन चालू. पायांचा त्रास बोटांच्या टोकांपासून सुरू झाला. आधी मुंग्या, मग आग. दिवसा शाळेत फार जाणवायचं नाही, पण रात्री चादर लागलेलीही सोसवेना. दोन्ही पायांत सारखीच वर सरकत ती आग मोजे घातल्यासारखी घोट्यापर्यंत आली. उष्णता असेल म्हणून घरच्यांनी तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासली. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

अंबाजोगाईला दाखवलं. मी आगीबद्दलच सांगत होतो, डॉक्टरांचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. "गुरुजी, डोळे मिटा. तार टेकली की 'हो' म्हणा." नायलॉनची बारीक तार, 10 ग्रॅमचा दाब पडला की वाकणारी. मी वाट पाहत राहिलो. डोळे उघडायला सांगून त्यांनी अंगठ्याखालची, बोटांखालची जागा दाखवली. तिथं तार टेकवून झाली होती, मला काहीच कळलं नव्हतं. नंतर 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवला की थरथरणारा धातूचा चिमटा, अंगठ्याच्या हाडावर धरला. तोही कळेना.

त्या दिवशी मला उमगलं की नसा (संवेदना नेणाऱ्या नर्व्ह) खराब झाल्यानं होणारे हे दोन वेगळे त्रास आहेत. आग झोप घालवते, पण पाय गमवायची वेळ आणतो तो बधिरपणा. बाभळीचा काटा रुततो, दुखत नाही, जखम चिघळते, आणि शुगरमध्ये ती लवकर भरत नाही.

तपासण्यांत तीन महिन्यांची सरासरी शुगर वाढलेली आणि नसांना लागणारं व्हिटॅमिन बी-12 फार कमी निघालं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं तर बी-12 शोषलं जाणं कमी होतं, त्यात आमचं शाकाहारी जेवण. म्हणून मेटफॉर्मिन घेणाऱ्या प्रत्येक माळकऱ्यानं ही तपासणी करून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. थायरॉईड, किडनीही पाहिली. त्वचेवर बधिर चट्टे आहेत का, तेही तपासलं, कारण कुष्ठरोगातही नसा जातात आणि त्यावरचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. एनसीव्ही, म्हणजे नसांमधून संदेश किती वेगानं जातो ते मोजणारी तपासणी, ही मोठ्या नसांचीच चाचणी आहे. ती नॉर्मल आली तरी आग खोटी ठरत नाही, कारण आगीच्या नसा बारीक असतात.

बी-12ची इंजेक्शनं, शुगरवर ताबा, आणि आगीसाठी रात्री प्रेगॅबॅलिन, अगदी कमी डोसपासून. साध्या वेदनाशामकांचा या दुखण्यावर फारसा उपयोग होत नाही. सुरुवातीला सकाळी गुंगी असायची, म्हणून मोटारसायकल बंद ठेवली. ही गोळी आपल्या मनानं एकदम सोडायची नसते, हेही डॉक्टरांनी बजावलं होतं.

बधिरपणावर मात्र गोळी नाही. रोज रात्री आरशात तळवे पाहतो, दिसलं नाही तर बायको पाहते. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवतो. आंघोळीचं पाणी पायानं नाही, कोपरानं बघतो. कुरूप ब्लेडनं कापत नाही. घरातही एमसीआरची, म्हणजे खास मऊ रबराची, चप्पल असते. चैत्रात देवळाच्या तापलेल्या फरशीवर आता मी अनवाणी जात नाही, सकाळी लवकर जाऊन येतो.

माझा त्रास हळूहळू वाढलेला. पण काही दिवसांतच पायांची ताकद जाऊन अशक्तपणा वर चढत असेल, तर तो जीबीएस (गुलियन-बारे सिंड्रोम, नसांचाच पण झपाट्यानं वाढणारा आजार) असू शकतो. 2025च्या जानेवारीत पुण्यात त्याचे बरेच रुग्ण सापडले होते. अशा वेळी त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठावं, कारण श्वासाचे स्नायूही लुळे पडू शकतात.

आता माझी आग बरीच उतरली आहे, रात्री झोप लागते. अंगठ्याखाली तार अजून कळत नाही, त्यामुळे तळव्यांची तपासणी चालूच आहे.