मल्टी-टूलच्या पात्यांचा हिशेब

ऑसिलेटिंग मल्टी-टूल, म्हणजे छोटे पाते वेगाने डावी-उजवीकडे हलवून कापणारे विजेचे हातयंत्र, आता कोल्हापुरात सुतारांकडे, प्लंबरकडे आणि माझ्यासारख्या घरची दुरुस्ती घरीच करू पाहणाऱ्यांकडेही दिसू लागले आहे. यंत्र एकदा घेतले की काही वर्षे पुरते, पाती मात्र पुरत नाहीत, आणि नामांकित कंपन्यांच्या पात्यांची किंमत पाहून अनेकांचे यंत्र कपाटातच पडून राहते. परवडणारी पाती कशी मिळवावीत याबद्दल माझे मत असे आहे की लाकडासाठी स्वस्त पाती बिनदिक्कत घ्यावीत, धातूसाठी ती घेऊ नयेत, आणि ज्या गावात उद्यमनगर, म्हणजे छोट्या कारखान्यांची वसाहत, आहे तेथे झिजलेले पाते लगेच कचऱ्यात टाकू नये.

हे यंत्र मुळात दवाखान्यातले आहे. हाड जुळल्यावर प्लास्टर कापताना आतल्या त्वचेला इजा होऊ नये म्हणून जर्मनीच्या फाइन कंपनीने 1967 मध्ये असे मागे-पुढे थरथरणारे करवत आणले. त्यावरूनच पुढे सुतारकामाचे यंत्र तयार झाले आणि पेटंटची मुदत संपल्यावर सगळ्याच कंपन्या त्यात उतरल्या. पाते गोल फिरत नाही. ते मिनिटाला साधारण 20,000 वेळांपर्यंत, जेमतेम तीन अंशांच्या कोनात डावी-उजवीकडे हलते. हाताच्या करवतीत काम पूर्ण लांबीच्या दातांमध्ये वाटले जाते. येथे टोकाचे मोजके दात एकाच जागी घासत राहतात, भुसा बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि उष्णता तेथेच साठते. पाते लवकर मरते ते बहुधा या उष्णतेने. साध्या पोलादाच्या दातांवर निळसर झाक आली की त्यांचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरले असे समजावे.

खरेदीपूर्वी पाते यंत्रावर कसे बसते ते पाहावे लागते. जुन्या आणि अनेक स्वस्त यंत्रांवर पाते सपाट असते आणि ते स्क्रूने किंवा खटक्याने आवळले जाते. अशा पात्यांची पाकिटे ऑनलाइन भरपूर मिळतात आणि तीच सर्वांत स्वस्त पडतात. बॉश आणि फाइन यांनी 2016 मध्ये स्टारलॉक ही नवी बैठक आणली. तिच्यात पात्याचा मधला भाग वाटीसारखा खोलगट असतो आणि पाते दाबताच यंत्रात बसते. त्यातही स्टारलॉक, स्टारलॉक प्लस आणि स्टारलॉक मॅक्स असे तीन प्रकार आहेत. साधे स्टारलॉक पाते तिन्ही यंत्रांवर चालते, प्लसचे पाते प्लस आणि मॅक्सवर चालते, तर मॅक्सचे फक्त मॅक्सवर. स्क्रू नसलेल्या स्टारलॉक यंत्रावर सपाट पाते धरतच नाही. दुकानदार खुशाल ‘साहेब, हे सगळ्याला चालतंय’ असे सांगतो, म्हणून आपले जुने पाते खिशात घालून दुकानात जावे आणि नवे त्यावर ठेवून पाहावे.

पात्याचा धातू हा यापेक्षा महत्त्वाचा विषय आहे. हाय कार्बन स्टीलची पाती लाकूड, प्लायवूड आणि प्लास्टिकसाठी असतात. एखादा खिळा आडवा आला की तिचे दात सपाट होतात. बायमेटल पात्याचे अंग लवचिक पोलादाचे आणि दात हाय स्पीड स्टीलचे, म्हणजे तापल्यावरही कठीण राहणाऱ्या पोलादाचे असतात. खिळे असलेले लाकूड, तांब्याची नळी, ॲल्युमिनियमची पट्टी ही त्याची कामे होत. कार्बाइडचे (पोलादापेक्षाही कठीण पदार्थाचे) दात असलेले पाते कडक स्क्रू आणि स्टेनलेस स्टीलही कापते. बॉशच्या पात्यावर एआयझेड 32 एटी असे लिहिलेले असेल, तर ते 32 मिलिमीटर रुंदीचे, धातूसाठीचे कार्बाइड पाते होय. फरशीच्या सांध्यांतले सिमेंट काढण्यासाठी दात नसलेली, कार्बाइडच्या किंवा हिऱ्याच्या कणांची अर्धगोल पाती असतात. टायटॅनियमचा सोनेरी मुलामा पाहून भुलू नये. त्या मुलाम्याखाली कोणते पोलाद आहे हे पाकिटावर लिहिलेले नसेल तर मुलाम्याचे पैसे देण्यात अर्थ नाही.

आता हिशेब मांडू. समजा साधे पाते 80 रुपयांना आणि चांगले कार्बाइड पाते 800 रुपयांना मिळते. प्लायवूडमध्ये साध्या पात्याने दहा काप निघाले तर एक काप आठ रुपयांना पडला, आणि त्याच कामासाठी महागड्या पात्याला शंभर काप द्यावे लागतील, तेव्हा कुठे बरोबरी होईल. पण गंजलेला स्क्रू कापायचा असेल, तर साधे पाते एकही काप पूर्ण करत नाही. तेथे 80 रुपये सरळ पाण्यात जातात. पावसाळ्यात फुगलेल्या चौकटीचा खालचा भाग कापायचा असेल तर आत खिळे असतात हे गृहीत धरावे आणि बायमेटल पातेच लावावे. पुराचे पाणी शिरलेल्या घरांत असे काम नेहमी निघते, आणि तेथे लाकडात अडकलेली रेतीही दात खाते, म्हणून आधी ब्रशने घासून घेणे फायद्याचे ठरते.

खरेदीसाठी मी आधी लक्ष्मीपुरीत फिरतो आणि मग उद्यमनगरात जातो. पाकिटातली वीस-तीस पाती घेताना एक पाते वेगळे काढून आधी कानसीने तपासावे. कानस दातावर सहज चावली तर ते साधे पोलाद आहे आणि घसरली तर ते हाय स्पीड स्टीलचे किंवा कार्बाइडचे आहे. पाकिटावर ‘बायमेटल’ छापलेले असूनही कानस चावत असेल, तर पाकीट परत करावे.

लाकडाच्या पात्याला घरीही पुन्हा दात पाडता येतात. पाते व्हाइसमध्ये आवळायचे, दातांची झिजलेली कडा ग्राइंडरवर सरळ करायची आणि एक मिलिमीटर जाडीच्या कटिंग व्हीलने समान अंतरावर तिरप्या खाचा घ्यायच्या. दात हाताच्या करवतीइतके सुबक होत नाहीत, पण प्लायवूडला त्याचे काही वाटत नाही. प्रत्येक वेळी पात्याची लांबी थोडी कमी होते, एवढेच. बायमेटलच्या बाबतीत हे फसते, कारण हाय स्पीड स्टीलची पट्टी फक्त कडेला असते आणि ती एकदा घासून गेली की आत मऊ पोलाद उरते.

उद्यमनगरातला उपाय मला त्याहून आवडतो. तेथे लोखंडी बार कापण्यासाठी बँडसॉ मशिन, म्हणजे पट्ट्यासारखे लांब ब्लेड फिरवून कापणारे यंत्र, वापरतात आणि त्यांची तुटलेली बायमेटल ब्लेडे भंगारात पडलेली असतात. 27 मिलिमीटर रुंद आणि 0.9 मिलिमीटर जाड हे त्यातले नेहमीचे माप आहे. त्यातला चांगले दात शिल्लक असलेला 30-35 मिलिमीटरचा तुकडा कापून घ्यायचा, तो जुन्या पात्याच्या टोकाला आडवा, दात पुढे येतील असा ठेवायचा आणि मागच्या कडेने स्पॉट वेल्डिंग करून घ्यायचे. वेल्डिंगची उष्णता दातांपर्यंत पोहोचू नये म्हणून टाके मागच्या कडेलगतच मारायला सांगावेत आणि गॅस वेल्डिंग मुळीच करू देऊ नये. बँडसॉचे दात एकाच दिशेला झुकलेले असल्यामुळे असे पाते एका बाजूच्या हेलकाव्यातच कापते, त्यामुळे वेग थोडा कमी मिळतो. तरी खिळे असलेल्या लाकडात ते विकतच्या स्वस्त पात्यापेक्षा बरेच टिकते. बारीक दातांचे ब्लेड धातूला आणि मोठ्या दातांचे लाकडाला घ्यावे. टाका सुटण्याची शक्यता असतेच, म्हणून पहिल्यांदा चालवताना गॉगल लावावा, वेग कमी ठेवावा आणि पाते स्वतःपासून दूर धरावे.

पाते कोणतेही असो, धातू कापताना वेग अर्ध्यावर आणावा, तेलाचा थेंब द्यावा, दाब कमी ठेवून पाते थोडे डावी-उजवीकडे झुलवावे आणि मध्ये मध्ये थांबून भुगा काढावा. सरळ कडेच्या पात्याऐवजी जेथे जमेल तेथे अर्धगोल पाते वापरले तर त्याचे दात एका बाजूने झिजल्यावर पाते फिरवून बसवता येते आणि उरलेले दात कामी येतात. जून ते सप्टेंबर या काळात पात्यांवर तेलाचा हात फिरवून ती झाकणाच्या डब्यात ठेवावी लागतात, नाहीतर न वापरलेल्या पात्यांवरही गंज चढतो.