पिशवीतली दुसरी डबी

टीबी आणि एचआयव्ही एकत्र असलेल्या रुग्णांच्या उपचारांवर आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन सत्रं घेतो. त्यातल्या चाचणीत सातवा प्रश्न असा असतो: टीएलडी (एचआयव्हीची रोजची तीन औषधांची एकत्रित गोळी) चालू असलेल्या रुग्णाला टीबीवरचं रिफॅम्पिसिन सुरू झालं, तर काय बदलाल? उत्तर ठरलेलं आहे. टीएलडीची गोळी तशीच ठेवायची आणि तिच्यानंतर बारा तासांनी तिच्यातल्याच एका औषधाची, डोलुटेग्रॅविर ५० मिलिग्रॅमची, एक जादा गोळी द्यायची. फेब्रुवारीतल्या त्या सत्रात हा प्रश्न जवळजवळ सगळ्यांनी बरोबर सोडवला. अर्ध्या तासाने त्याच मंडळींसमोर एक रुग्ण मांडला गेला, ज्याला ही जादा गोळी कधी मिळालीच नव्हती. बराच वेळ ते कोणाच्याही लक्षात आलं नाही.

सत्राची वेळ दुपारी अडीचची, ओपीडी आटोपल्यावरची. चंदगड-शाहूवाडीकडचे लोक रेंजसाठी उपकेंद्राच्या गच्चीवर जाऊन बसतात. एका मोबाइलभोवती तिघं-चौघं असतात, पण हजेरीत एकच नाव उमटतं आणि बाकीच्यांचं प्रमाणपत्र अडकतं. यावर कितीदा लिहून पाठवलं, काही फरक नाही. स्लाइड्स वरून येतात त्या इंग्रजीत, आणि काही वक्ते त्या तशाच्या तशा वाचून दाखवतात. मला विचाराल तर हे प्रशिक्षण टिकून आहे ते शेवटच्या चाळीस मिनिटांमुळे. त्या वेळात कर्मचारी आपल्याकडचा खरा रुग्ण, नाव-गाव न सांगता, मांडतात.

त्या दिवशी केस मांडली शिरोळ तालुक्यातल्या एका उपकेंद्राच्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमनी. रुग्ण ऊसतोड कामगार, वय ३८, टोळीबरोबर मराठवाड्यातून आलेला. त्यांनी त्याला पकडलं कसं, ते सांगितलंच पाहिजे. फडावर तपासणीला गेल्या असताना त्याने बाजूला येऊन हळूच सांगितलं, की मला 'ती' गोळी चालू आहे. खोकला जेमतेम पाच-सहा दिवसांचा. एरवी दोन आठवड्यांच्या आतल्या खोकल्याला कोणी बेडका मागत नाही. पण एचआयव्ही असेल तर खोकला किती दिवसांचा हे बघायचंच नसतं. खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं, या चारांतलं एक जरी असलं तरी तपासणी करायची. मॅडमनी ती केली. मायक्रोस्कोपखाली काही दिसलं नाही, तरी तेवढ्यावर न थांबता नमुना सीबीनॅटला (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीला) पाठवायला लावला. प्रतिकारशक्ती खाली गेलेली असली की फुफ्फुसात पोकळ्या कमी होतात, बेडक्यात जंतू कमी येतात आणि मायक्रोस्कोपची तपासणी (स्मिअर) निगेटिव्ह येते. सीबीनॅटमध्ये टीबी सापडला, रिफॅम्पिसिनला रेझिस्टन्स नव्हता, म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देणारे होते. वजन ४४ किलो, म्हणजे ३५ ते ४९ च्या गटात, चार औषधांच्या एकत्रित गोळ्या रोज तीन. डिसेंबरच्या शेवटी उपचार सुरू झाले. इतकं चोख काम मोठ्या रुग्णालयांतही दर वेळी होत नाही.

मॅडमचा प्रश्न वेगळाच होता. सातवा आठवडा चालू होता. खोकला गेला होता, पण पुन्हा ताप येऊ लागला होता आणि मानेच्या उजव्या बाजूला तीन सेंटिमीटरची दुखरी गाठ आली होती. टीबी औषधांना दाद देत नाही का? एमडीआर, म्हणजे मुख्य औषधांना न जुमानणारा टीबी, असेल का?

त्या दिवसाचा विषय आयरिस होता, म्हणजे एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) सुरू झाल्यावर प्रतिकारशक्ती जागी होऊन दबलेल्या जंतूंवर तुटून पडते ती दाहक प्रतिक्रिया. त्यामुळे चॅटमध्ये एकामागून एक 'आयरिस, आयरिस' येऊ लागलं. पुढची चर्चा नियमाप्रमाणे आणि खरंच चांगली झाली. दोन्हींपैकी कुठलेही उपचार थांबवायचे नाहीत. गाठीतून सुईने नमुना घेऊन सीबीनॅट आणि लिक्विड कल्चरला पाठवायचा. उपचारावरच्या रुग्णात सीबीनॅट मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडतं, त्यामुळे टीबी सापडला म्हणून उपचार फसले असं नाही. तिथून आपल्याला फक्त रिफॅम्पिसिनचं उत्तर हवं असतं. जंतू जिवंत आहेत की नाहीत ते कल्चर सांगतं, आणि निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं. त्रास बेताचा असेल तर साधी वेदनाशामकं पुरतात. गाठ श्वासनलिकेवर दाबत असेल किंवा त्रास फार असेल तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, रोज किलोला १.५ मिलिग्रॅम दोन आठवडे आणि मग ०.७५ मिलिग्रॅम आणखी दोन आठवडे, तेही रेझिस्टन्स नाही याची खात्री करून.

मग एका डॉक्टरांनी विचारलं, "एआरटी कधीपासून?"

"चार वर्षांपासून, सर."

इथे गाडी अडली. आयरिस साधारणपणे एआरटी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत दिसतं. चार वर्षं नियमित गोळ्या घेणाऱ्याला ते आता का व्हावं? आमच्या केस मांडणीच्या फॉर्ममध्ये एक ओळ आहे: 'एआरटी चालू आहे का? होय / नाही.' तिथे 'होय' होतं. त्याखाली कोट्रिमॉक्साझोल (इतर संसर्ग टाळायची गोळी), तिथेही 'होय'. कोरं काहीच नव्हतं, आणि फॉर्म भरलेला दिसला की आपलं डोकं पुढे जातं.

गडहिंग्लजकडचे एक औषधनिर्माते तोवर म्यूटवरच होते. त्यांनी माइक सुरू केला. "मॅडम, पेशंट हाय का तिथं? पिशवी दाखवायला सांगा की जरा."

पेशंट बाहेर बाकड्यावर बसला होता. मॅडम त्याची परवानगी घेऊन पिशवी आत घेऊन आल्या आणि एकेक वस्तू कॅमेऱ्यासमोर धरली. टीबीच्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स. कोट्रिमॉक्साझोल. मग टीएलडीच्या डब्या, लेबलवरच्या नावावर अंगठा ठेवून. एक रिकामी, एक अर्धवट, एक सीलबंद. तिन्हींवर दिल्याची तारीख नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली.

औषधनिर्मात्यांनी अर्धवट डबी मोजायला लावली. बावीस निघाल्या. हिशोब त्यांनी तिथेच मांडला: तीस-तीसच्या तीन डब्या म्हणजे नव्वद गोळ्या, जानेवारीअखेर तिन्ही संपायला हव्या होत्या. उरल्यात बावन्न, खाल्ल्यात अडतीस. आणि सगळ्या डब्या टीएलडीच्याच. नुसत्या डोलुटेग्रॅविरची डबी कुठे आहे?

मॅडम बाहेर जाऊन बोलून आल्या. टोळी इथे आल्यावर दोन-चार दिवसांतच त्याने एआरटी सोडली होती. खोपीत दहा माणसं, डबी हलली की खुळखुळते, आणि कसल्या गोळ्या म्हणून कोणीतरी विचारतंच. टीबीच्या गोळ्या सोसवू लागल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, समुपदेशकांनी त्याला एआरटी पुन्हा सुरू करायला राजी केलं. तेही वेळेत, कारण टीबीचा मेंदूज्वर नसेल तर दोन आठवड्यांच्या आतच एआरटी सुरू व्हायला हवी. फक्त गोळ्या त्याच्याजवळ होत्याच, म्हणून तो कुठल्या केंद्राच्या खिडकीवर गेलाच नाही. जुनी डबी काढली आणि खायला लागला. "समद्या संगटच घेतो सकाळी, एकदाच," असं त्याने सांगितलं.

म्हणजे आयरिसचा अंदाज बरोबरच होता. पाच आठवड्यांपूर्वी एआरटी नव्याने सुरू झाली होती आणि फॉर्ममधल्या 'होय'ने ते झाकून टाकलं होतं. त्याच 'होय'ने दुसरी गोष्टही झाकली होती. रिफॅम्पिसिन यकृतातली औषधं फोडणारी एन्झाइम्स वाढवतं, त्यामुळे डोलुटेग्रॅविर रक्तात टिकत नाही आणि दिवसातून एक गोळी अपुरी पडते. हे पाच आठवडे तो अपुऱ्या औषधावर होता. टीबीची बाजू समजत होती की एआरटीचं बघणारे दुसरे आहेत. त्याच्या मराठवाड्यातल्या एआरटी केंद्राला त्याला टीबी झाल्याचंच ठाऊक नव्हतं. जादा गोळी लिहून देणं ज्याच्या वाट्याचं काम, असा माणूस त्या वाटेवर कुठेच लागला नाही. यात मी कोणा एकाला दोष देणार नाही, पण दोन कार्यक्रमांच्या दोन नोंदी आणि मधलं अंतर चालत जायचं रुग्णाने, ही रचना चुकीची आहे आणि स्थलांतरित माणसाला ती हमखास गाठते.

त्याच आठवड्यात जवळच्या एआरटी केंद्रातून त्याला डोलुटेग्रॅविरची वेगळी डबी मिळाली. मॅडमनी टीएलडीच्या झाकणावर मार्करने सूर्य काढला, दुसरीच्या झाकणावर चंद्रकोर. नाव नाही, आजार नाही, कोणी पाहिलं तरी काही कळणार नाही. खुळखुळू नये म्हणून डबीत वर थोडा कापूस. गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून ठेवू नका, हे मुद्दाम बजावलं, कारण दमट खोपीत त्या खराब होतात. शक्तीसाठी म्हणून कोणी कॅल्शियम किंवा लोहाची गोळी दिली, तर ती डोलुटेग्रॅविरबरोबर उपाशीपोटी घ्यायची नाही. एकत्र घ्यायचीच तर जेवणासोबत. अॅसिडिटीच्या पातळ औषधाच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तास अंतर हवं. हे सगळं प्रशिक्षणाच्या मजकुरात आहे, पण वेगवेगळ्या स्लाइड्सवर, वेगवेगळ्या दिवशी शिकवलेलं.

गाठीच्या नमुन्यात रिफॅम्पिसिन रेझिस्टन्स निघाला नाही. कल्चरमध्ये वाढ झाली नाही. ताप दोन आठवड्यांत उतरला, स्टेरॉइड लागलं नाही. आयरिस होतं हे आता मानायला हरकत नाही.

माझं अडतं ते व्हायरल लोडपाशी, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजणाऱ्या तपासणीपाशी. रिपोर्ट आला आणि विषाणू मोजण्याइतका होता. पण दोन महिने गोळी बंद असलेल्या माणसात पुन्हा सुरू केल्यावर पाच आठवड्यांनी तो तसा असूही शकतो. ही नेहमीची उतरण आहे की अपुऱ्या डोलुटेग्रॅविरमुळे रेंगाळलेली, ते एका आकड्यावरून सांगता येत नाही. सत्रातल्या डॉक्टरांचं म्हणणं, आयरिस झालं याचाच अर्थ विषाणू दबतोय आणि शरीर जागं होतंय, तेव्हा औषध काही ना काही काम करत होतं. तर्क चांगला आहे. डोलुटेग्रॅविरला सहजासहजी रेझिस्टन्स येत नाही, हेही खरं. तरी विषाणू वर असताना औषध कमी पडणं, हीच रेझिस्टन्सला वाव देणारी परिस्थिती असते. समुपदेशन करून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची, एवढंच हातात आहे, आणि तोवर टोळी इथे नसणार.

सातव्या प्रश्नाच्या जागी आता आम्ही पिशवीचा फोटो देतो. स्ट्रिप्स, डब्या, तारखा, उरलेल्या गोळ्यांची संख्या, आणि विचारतो, यात काय कमी आहे? 'टीएलडी आणि रिफॅम्पिसिन' असं शीर्षक लिहून विचारलं की सगळे पास होतात. फोटोवर पहिल्या झटक्यात निम्म्याहून जास्त लोक अडतात, त्यांत डॉक्टरही असतात. फॉर्ममधली 'होय / नाही'ची ओळ काढून तिथे 'कुठली गोळी, किती वाजता, शेवटची कुठून मिळाली, मध्ये किती दिवस बंद होती' असं घालण्याची मागणी वर पाठवली आहे. फॉर्म अजून जुनाच आहे, त्यामुळे सत्रात आम्ही हे तोंडी विचारतो.

त्याच्या मराठवाड्यातल्या केंद्राच्या औषधनिर्मात्याशी गडहिंग्लजच्या सरांनी स्वतः फोनवर बोलून ठेवलं. टीबीचे उपचार जूनअखेर संपतील, पण रिफॅम्पिसिनचा परिणाम यकृतावर आणखी दोनेक आठवडे राहतो, म्हणून चंद्रकोरीची गोळी जुलैच्या मध्यापर्यंत चालू ठेवायची. टीबीच्या शेवटच्या स्ट्रिपबरोबर तीही थांबवली जाते, अशी चूक सगळीकडेच होते. मार्चअखेरपर्यंतच्या डब्या इथून दिल्या, पुढच्या तिकडच्या केंद्राने द्यायच्या. तारीख तिकडच्या औषधनिर्मात्याने आपल्या वहीत लिहून घेतली आहे आणि एप्रिलमध्ये तो पोचला की उलटा फोन करायचं कबूल केलं आहे.