चरबी साठवून झोपणारे बारीक जीव

गेले काही महिने मी एका तीन-चार मिलिमीटरच्या प्राण्याबद्दल मिळेल ते वाचतोय आणि भेटेल त्याला सांगतोय, तर म्हटलं आता एकदा नीट लिहूनच काढावं. प्राण्याचं नाव कॅलॅनस. कोळंबी-खेकड्यांच्याच मोठ्या खानदानातला, म्हणजे कवचवाला, पण अगदी बारीक, कोपेपॉड म्हणतात त्या गटातला. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात याचे अब्जावधी जीव असतात. मायक्रोस्कोपखाली धरला की शरीर काचेसारखं आरपार दिसतं आणि आत पाठीच्या बाजूने लांबट, चकाकणारी एक पिशवी दिसते. ती तेलाची पिशवी. उन्हाळ्याच्या शेवटी ही पिशवी इतकी फुगलेली असते की प्राणी कमी आणि तेलच जास्त वाटतं, कोरड्या वजनाच्या निम्म्याहून जास्त नुसती चरबी!

मी रत्नागिरीचा, आमच्याकडे भाट्याच्या खाडीत बारीक जाळीचं प्लँक्टन नेट (पाण्यात तरंगणारे बारीक जीव पकडायचं जाळं) ओढलं तरी कोपेपॉड मिळतात, भरपूर मिळतात. कॉलेजात असताना आम्ही तेच बघायचो, ॲकार्शिया, ओइथोना वगैरे, बहुतेक एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान. पण त्यांच्यात अशी पिशवी कधी दिसली नाही, फार तर तेलाचा एखादा थेंब. आपल्या समुद्राचं पाणी वर्षभर २७-२८ अंशांच्या आसपास, खायला कमीजास्त पण बाराही महिने काहीतरी असतंच, त्यामुळे इथला कोपेपॉड अंड्यातून निघून दोन-तीन आठवड्यांत मोठा होऊन स्वतः अंडी घालायला लागतो. त्याला साठवायची गरजच नाही. आणि तिकडे वरती, ७९ अंश उत्तरेला, ऑक्टोबरच्या शेवटी सूर्य मावळतो तो फेब्रुवारीपर्यंत उगवतच नाही, वर बर्फ, उजेड नाही म्हणून पाण्यातली सूक्ष्म शेवाळं वाढत नाहीत, म्हणजे खायला जवळजवळ शून्य. वर्षातले दोन-तीन महिने काय ती चंगळ.

म्हणजे आपण मे महिन्यात आगोट भरतो ना, पाऊस लागायच्या आधी तांदूळ, मसाला, सुका जवळा, सोडे सगळं डब्यात, तसंच हे, फक्त डबा पोटात. आमची आई तर दोन डबे जवळा भरल्याशिवाय जून लागू देत नाही. पण एक मोठा फरक आहे. आपण साठवतो ते नुसतं पावसाळा काढण्यापुरतं, आणि कॅलॅनस साठवतो ते उपाशी महिने काढायला आणि शिवाय पुढच्या पिढीची अंडी बनवायला. बरीचशी चरबी शेवटी अंड्यांच्या तयारीतच जाते. मला यातलं सगळ्यात आवडलेलं हेच आहे.

आता हा वाढतो कसा ते सांगतो, कारण चरबीचा खेळ तिथेच आहे. कवचवाल्या प्राण्याला वाढायचं तर कात टाकावी लागते, कोळंबी काय खेकडा काय, सगळ्यांचं तेच. कॅलॅनस अंड्यातून निघतो तेव्हा त्याला नॉप्लियस म्हणतात, त्या सहा पायऱ्या, त्यातल्या पहिल्या दोनांत तो काही खातच नाही, अंड्यातल्या पुंजीवर असतो. मग कोपेपोडाइटच्या पाच पायऱ्या आणि मग प्रौढ. प्रौढ झाल्यावर कात टाकणं बंद. गंमत अशी की प्रौढ व्हायच्या एक पायरी आधी, म्हणजे पाचव्या कोपेपोडाइटला, तो थांबतो. लांबी तेवढीच राहते पण खाणं चालू असतं आणि जे खातो ते सगळं तेलाच्या पिशवीत जातं. पिशवी भरली की पृष्ठभाग सोडून खाली जायला लागतो, कुठे ५०० मीटर, कुठे हजाराच्याही खाली, आणि तिथे जवळजवळ झोपतो. खाणं बंद, आतडं आक्रसतं, श्वास मंद, हालचाल नगण्य. वाढायचं कधी थांबवायचं आणि साठवायला कधी लागायचं हा हिशोब चुकला तर संपलं. लवकर खाली गेला तर पिशवी अर्धी, उशीर केला तर वर मासे आणि पक्षी टिपून खातात. तीन-चार मिलिमीटरच्या जिवाला हे कसं कळतं यावर अजून वाद चालू आहेत, काही लोक म्हणतात चरबीच ठरवते, ठरावीक साठा झाला की झोपेची वेळ.

चरबीसुद्धा साधीसुधी नाही. आपल्या पोटावर असते किंवा तारलीत असते ती ट्रायग्लिसराइड. कॅलॅनसची बहुतेक सगळी वॅक्स एस्टर, म्हणजे एक फॅटी ॲसिड आणि एक फॅटी अल्कोहोल जोडलेलं, मेणाच्या जातीचं. ट्रायग्लिसराइड पटकन वापरायला बरी, वॅक्स एस्टर लांब मुदतीच्या ठेवीला. आणि तिचा आणखी एक उपयोग आहे जो वाचून मी खुर्चीतून उठलो होतो, पाण्यापेक्षा ही चरबी दाबाखाली जास्त आकसते. वर पृष्ठभागाजवळ ती प्राण्याला तरंगवायला बघते, पण खोल गेल्यावर दाबाने आणि थंडीने ती घट्ट होते, जड होते, आणि एका खोलीवर प्राणी ना वर जातो ना खाली. हातपाय न हलवता महिनोन्महिने तिथेच राहायची सोय. साठा आणि तरंगणं दोन्ही एकाच पिशवीत!

आर्क्टिककडच्या कॅलॅनसच्या तीन मुख्य जातींतला सगळ्यात मोठा कॅलॅनस हायपरबोरियस, सात मिलिमीटरच्या आसपास, आणि याचा आयुष्यक्रम दोन ते पाच वर्षांचा असतो म्हणतात. कोपेपॉडसाठी पाच वर्षं! आपल्या खाडीतल्याच्या किती पिढ्या होतील तेवढ्यात. याची मादी भर हिवाळ्यात, अंधारात, खोल पाण्यात, काहीही न खाता अंडी घालते, निव्वळ साठवलेल्या चरबीवर. अंडी तेलकट असल्याने हळूहळू वर तरंगत येतात आणि पिल्लं वर पोचतात तोपर्यंत वसंतातलं शेवाळ यायची वेळ होत आलेली असते. आकाराने मधला कॅलॅनस ग्लेशिॲलिस वेगळी युक्ती करतो, बर्फाच्या खालच्या बाजूला चिकटलेलं शेवाळ आधी येतं ते मादी खाऊन अंडी घालते, आणि पिल्लं खायच्या वयात येतात तेव्हा पाण्यातल्या शेवाळाचा मोठा बहर येतो. २००७ साली स्वालबार्डच्या (नॉर्वेच्या उत्तरेकडची बेटं) एका फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या खोल खाडीत, हे नीट मोजलं गेलं, दोन बहरांत साधारण दोन महिन्यांचं अंतर होतं. बर्फ लवकर वितळला की हे अंतर कमी होतं आणि पिल्लांची वेळ हुकते.

हे सगळं फक्त ध्रुवाचं असं मी समजत होतो, पण आपल्याच अरबी समुद्रात याचा एक भाऊबंद आहे! कॅलॅनॉइडिस नावाचा. सोमालिया आणि ओमानच्या समोर नैर्ऋत्य मान्सूनच्या वाऱ्याने खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं, शेवाळाचा बहर येतो, आणि हा तेव्हा वर येऊन खातो, वाढतो, चरबी करतो. मान्सून संपला की पाचव्या पायरीवरचा हा प्राणी वॅक्स एस्टरची पिशवी घेऊन खोल जातो आणि पुढच्या मान्सूनपर्यंत तिथेच. १९७९ च्या मान्सूनमधल्या मोहिमेपासून यावर काम झालंय. म्हणजे आपण पावसासाठी साठवतो आणि हा पावसातच साठवतो, तोच वारा, तोच समुद्र, फक्त पलीकडचा किनारा. तारलीचंही थोडंफार असंच ना, पावसानंतर जी तेलकट तारली येते ती पावसाळ्यातल्या शेवाळावर पोसलेली.

आता दक्षिणेकडे या. तिथला राजा अंटार्क्टिक क्रिल, सहा सेंटिमीटरपर्यंत वाढणारा, आपल्या जवळ्यापेक्षा बराच मोठा (आणि जवळ्याचा जवळचा नातेवाईकही नाही, दिसायला सारखा इतकंच). एकूण वजनाचा एक प्रसिद्ध अंदाज ३७ कोटी ९० लाख टन आहे. क्रिल झोपत नाही. त्याच्याकडे मेणाची पिशवी नाही, चरबी असते पण ट्रायग्लिसराइड आणि फॉस्फोलिपिड, आणि हिवाळ्यात ती पुरत नाही. मग तो काय करतो तर लहान होतो. खरंच लहान! कात टाकतो आणि नवीन कवच आधीपेक्षा छोटं असतं. १९८२ साली इकेडा आणि डिक्सन यांनी दाखवलं की प्रयोगशाळेत क्रिल २०० हून जास्त दिवस उपाशी राहू शकतो आणि त्या काळात आकसत जातो. त्यामुळे लांबी बघून क्रिलचं वय सांगणं अवघड. पण डोळा मात्र त्या प्रमाणात आकसत नाही, म्हणून शरीराच्या मानाने डोळा मोठा दिसला तर हा आकसलेला असं ओळखता येतं. त्याच समुद्रात कॅलॅनॉइडिस ॲक्युटस मेण साठवून खोल झोपतो आणि कॅलॅनस प्रोपिंक्वस ट्रायग्लिसराइड ठेवून हिवाळाभर जागा राहतो. एकच थंडी आणि तीन तऱ्हा, यातली एकच बरोबर असं काही नाही, तिन्ही जगतात.

ही चरबी पुढे कुठे जाते ते बघा. स्वालबार्डकडे लिटल ऑक नावाचा छोटा पक्षी आहे, ग्रीनलंडच्या एका अभ्यासात त्याला दिवसाला जवळपास ६०,००० कोपेपॉड लागतात असा हिशोब निघाला. बोहेड देवमासा हेच खातो. हेरिंग, कॅपेलिन हे मासे हेच खातात, त्यांना कॉड खातो, म्हणून आपण लहानपणी नाक दाबून घेतलेल्या कॉड लिव्हर ऑइलमधली काही लांब साखळीची फॅटी ॲसिडं मुळात कॅलॅनसच्या मेणातून आलेली असतात. शिवाय खोल जाऊन झोपलेले कोपेपॉड तिथे चरबी जाळतात, म्हणजे तो कार्बन वर न राहता खोलच राहतो. २०१५ मध्ये उत्तर अटलांटिकसाठी हिशोब आला तेव्हा कळलं की वरून गळून पडणाऱ्या कचऱ्यातून जेवढा कार्बन त्या खोलीला पोचतो त्याच्या तोडीचा हा आकडा आहे.

आणि म्हणूनच मला काळजी वाटते. अटलांटिकचं कोमट पाणी आर्क्टिकमध्ये जास्त जास्त शिरतंय आणि त्याबरोबर कॅलॅनस फिनमार्किकस, जो लहान, वर्षात आयुष्य संपवणारा आणि मोठ्या भावांच्या मानाने कमी चरबीचा आहे, तो वर सरकतोय. पक्ष्याला पोट भरायला तेवढेच घास घ्यायचे पण प्रत्येक घासात तेल कमी. चित्र इतकं सरळ नाही हेही खरं, कारण डीएनए तपासल्यावर लक्षात आलं की नुसत्या आकारावरून ग्लेशिॲलिस आणि फिनमार्किकस वेगळे काढणं भरवशाचं नाही, तेव्हा जुने आकडे जपूनच वाचावे लागतात. पण दिशा मला बरी वाटत नाही.

हे सगळं आपल्यापासून फार लांबचं वाटत असेल तर सांगतो, देशाचं ध्रुवीय संशोधन चालतं ते आपल्याच कोकण किनाऱ्यावरून, गोव्यात वास्कोला एनसीपीओआर (राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र) आहे तिथून. त्यांचं हिमाद्री स्टेशन २००८ पासून स्वालबार्डला कोंग्सफ्योर्डच्या काठावर आहे आणि २०१४ मध्ये त्याच फ्योर्डच्या पाण्यात इंडआर्क नावाची यंत्रणा सोडली, तापमान, खारटपणा वगैरे मोजायला. त्या पाण्यात कॅलॅनस आहेत. प्राणिशास्त्र किंवा फिशरीज करणारी पोरं हे वाचत असतील तर त्यांनी हा विषय डोक्यात ठेवाच. आणि चरबी मोजायला फार मोठी लॅब लागते असंही नाही, मायक्रोस्कोपला कॅमेरा लावून बाजूने फोटो काढायचा, तेलाच्या पिशवीचं क्षेत्रफळ मोजायचं, त्यावरून आर्क्टिकच्या कॅलॅनससाठी चरबीचं वजन काढायचं सूत्र २०१० मध्येच छापून आलंय. मला तर आपल्याकडच्या कोपेपॉडचे असे फोटो काढायचेत, पावसाच्या आधी आणि नंतर, तो तेलाचा थेंब लहानमोठा होतो का ते बघायला. कुणाकडे कॅमेरावाला मायक्रोस्कोप असेल तर कळवा, नेट माझ्याकडे आहे.