पंखा फिरत होता, तरी गाडी तापत होती

आमच्या गाडीचे ‘हेड उतरवावे लागेल’ (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग) असे मला दोन महिन्यांत तीनदा सांगण्यात आले, आणि तिन्ही वेळा सांगणाऱ्याने ती गाडी ज्या परिस्थितीत तापते त्या परिस्थितीत एकदाही चालू ठेवून पाहिलेली नव्हती. या गोष्टीला आता वर्ष होत आले तरी तो राग माझ्या मनातून पुरता गेलेला नाही.

गाडी २००९ ची, पेट्रोलवर चालणारी लहान हॅचबॅक आहे. बाबांनी निवृत्त होताना घेतली. आता ते नाहीत, आणि दर महिन्याला मी आईला पुण्याहून वाईला याच गाडीतून घेऊन जाते. २०२४ मध्ये नोंदणीची १५ वर्षे पूर्ण झाली तेव्हा नमुना २५ भरून, ५,००० रुपये शुल्क आणि निराळा पर्यावरण कर देऊन ती पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. ते काम दोन फेऱ्यांत उरकले. गाडी तपासणीला न्यायची म्हणून त्याआधी पुढचा बंपर काढून रेडिएटरच्या चौकटीजवळचा गंज घासून घेतला होता आणि तेवढा भाग नव्याने रंगवला होता. त्या रंगकामाचा संबंध पुढे येणार आहे.

बिघाडाची पहिली खूण आईला जाणवली. दिवाळीच्या सुमारास ती म्हणाली, “अगं, सिग्नलला थांबलीस की एसीची हवा कोमट होते आणि गाडी सुरू झाली की पुन्हा गार येते.” मी ते गाडीच्या वयावर टाकून दिले. माझ्या या दुर्लक्षाचे मला आजही वाईट वाटते, कारण निदान त्या एका वाक्यात होते. मग फेब्रुवारीत सिंहगड रस्त्यावरच्या कोंडीत तापमानाचा काटा नेहमीच्या मध्यावरून वर सरकलेला दिसला, आणि मार्चमध्ये खंबाटकी घाट चढताना, मालाच्या ट्रकांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असताना, तो लाल खुणेपर्यंत गेला.

त्या वेळी मी एसी बंद केला, खिडक्या उघडल्या आणि हीटर पूर्ण क्षमतेने सुरू केला. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. इंजिनाचे गरम पाणी त्यातून फिरते आणि तेवढी उष्णता गाडीच्या आत निघून येते. उन्हात ते असह्य होते, पण काटा थोडा उतरला आणि रुंद जागा सापडेपर्यंत गाडी पोहोचली. तिथे थांबलेल्या एका सद्गृहस्थांनी मदतीच्या भावनेने रेडिएटरचे झाकण उघडायला हात पुढे केला. मी त्यांना जवळजवळ ओरडून थांबवले. झाकणाखाली दाब असतो आणि त्या दाबामुळेच आतले पाणी १०० अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झाले की तेच पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते. आम्ही पाऊण तास थांबलो, वरचा होस हाताला सोसवेल इतका निवल्यावरच झाकण उघडले आणि सोबतचे पिण्याचे पाणी घातले. कूपनलिकेचे पाणी रेडिएटरमध्ये कधीही घालू नये, कारण त्यातील क्षार बारीक नळ्यांत साचतात. अडचणीत साधे पाणी घालावे लागलेच तर घरी आल्यावर ते काढून कूलंट आणि शुद्ध पाण्याचे योग्य मिश्रण भरून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी गाडी सर्व्हिस सेंटरला दिली. जॉब कार्डवर मी स्वतःच्या अक्षरात लिहिले होते, “घाटात संथ चढताना आणि कोंडीत तापते, महामार्गावर ८० च्या वेगाने जाताना काटा मध्यावर राहतो, सिग्नलला एसी गार करत नाही.” हे वाक्य संगणकात चढवताना “गाडी तापते, एसी कमी” एवढेच उरले. माझ्या मते पुढचे २३ दिवस आणि १४,६०० रुपये त्या कापलेल्या वाक्यामुळे गेले.

पहिल्या फेरीत थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप), रेडिएटरचे झाकण आणि कूलंट बदलले. दुसऱ्या फेरीत एसीचा गॅस भरला. तिसऱ्या फेरीत वॉटर पंप बदलला. प्रत्येक फेरीनंतर मला “ट्रायल घेतली आहे, मॅडम, ओके आहे” असे सांगण्यात आले आणि प्रत्येक वेळी धायरीपर्यंत पोहोचेतो काटा पुन्हा वर गेला. ट्रायल कशी घेतली, असे मी तिसऱ्यांदा विचारले तेव्हा कळले, की सकाळी आठला बाह्यवळण मार्गावरून गाडी पाच-सहा किलोमीटर पळवून आणली होती. ज्या गाडीची तक्रार ती संथ चालताना तापते अशी आहे, तिची परीक्षा मोकळ्या रस्त्यावर, सकाळच्या गारव्यात, वेगात घेतली गेली. वेगात असताना समोरून येणारा वारा पंख्याचे काम करतो. पंखा काढून ठेवला असता तरी ती परीक्षा गाडी पास झाली असती. मी विनंती केली, की दुपारी दोनला एसी लावून गाडी उभ्या जागी अर्धा तास चालू ठेवा, मी शेजारी उभी राहते. उत्तर मिळाले, “तेवढा वेळ बे (दुरुस्तीची जागा) अडवता येत नाही.” गाडी २३ दिवस त्यांच्या आवारात उभी होती आणि तिच्यासाठी अर्धा तास नव्हता.

“पंखा तपासला का?” या प्रश्नावर ते दरवेळी म्हणाले, की गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावला आहे, बिघाडाचा एकही कोड नाही, आणि पंखा फिरतो. दोन्ही विधाने खरी होती. पण आमच्यासारख्या जुन्या गाडीतील संगणक पंख्याच्या रिलेला, म्हणजे त्याच्या विजेच्या स्विचला, हुकूम देतो आणि तिथेच त्याचे ज्ञान संपते. पंखा किती वेगाने फिरतो हे मोजणारा सेन्सर तिथे नसतोच, त्यामुळे तो अर्ध्या वेगाने फिरला तरी संगणकाला पत्ता लागत नाही. आणि माणसाने नुसते डोकावून पाहिले तर फिरणारे पाते वेगात आहे की मंद, हे सवयीशिवाय ओळखू येत नाही.

यानंतर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचे इंजिन यांच्यामधले सील, गेल्याचा निर्णय जाहीर झाला. अंदाजपत्रक ३८,००० रुपयांचे. मी काही मेकॅनिक नाही, कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. तरी कारण विचारण्याचा मला हक्क होता. हेड गॅस्केट गेले असेल तर कूलंट कमी होत जाते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, धुरांड्यातून पांढरा धूर निघतो, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधट चिकटा दिसतो. आमच्या गाडीत यातले काहीही नव्हते. ज्वलनाचा वायू पाण्यात मिसळतो का, हे पाहण्याची एक सोपी चाचणी असते. त्यातला निळा द्रव कार्बन डायऑक्साइडमुळे पिवळा पडतो, आमच्या प्रयोगशाळेतल्या ब्रोमोथायमॉल ब्लूप्रमाणेच. ती करा, असे मी म्हटले तेव्हा ते साधन उपलब्ध नाही असे सांगण्यात आले. ज्या दुरुस्तीला ३८,००० लागतात तिच्या आधीची लहानशी चाचणी होत नाही, हे मला मान्य होणे शक्य नव्हते. मी गाडी परत आणली.

येताना काढलेले सुटे भाग मागून घेतले. हे प्रत्येकाने करावे, आणि ते जॉब कार्डवर आधीच लिहून घ्यावे, नाहीतर “भंगारात गेले” असे उत्तर येते. पहिल्या फेरीत काढलेला थर्मोस्टॅट मी घरी पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगला, शेजारी प्रयोगशाळेतला तापमापक धरला आणि गॅस पेटवला. ८२ अंशांना झडप हलली आणि पुढच्या दहाएक अंशांत पूर्ण उघडली. त्याच्या कडेवर ८२ हाच आकडा कोरलेला होता. म्हणजे एक चांगला भाग काढून तिथे दुसरा चांगला भाग बसवला होता, आणि त्याचे पैसे मी दिले होते.

निदान शेवटी लागले ते आमच्या घरामागच्या गल्लीतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या टपरीवजा दुकानात. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, “ताई, एसी कुठं गार होत नाही म्हणालात? उभ्या गाडीत?” मी हो म्हटले. “आणि तापतेपण उभी असताना. मग दोन्ही रोग एकच.” आमच्या गाडीत रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) एकामागे एक आहेत आणि दोघांसाठी एकच पंखा आहे. आईने दिवाळीत जे सांगितले होते तेच ते बोलत होते.

त्यांनी गाडी सावलीत नव्हे, उन्हात उभी केली, एसी लावला आणि बीडी संपेपर्यंत काहीच केले नाही. पंखा सुरू झाल्यावर कान देऊन ऐकले. “आवाज दमल्यावाणी आहे,” एवढे बोलून मल्टिमीटर माझ्या हातात दिला, कारण मी शिक्षिका असल्याचे मघाशी बोलण्यात आले होते. बॅटरीवर १४.१ व्होल्ट होते. पंख्याच्या प्लगमध्ये मात्र १०.२. मग एक टोक बॅटरीच्या ऋण अग्रावर ठेवून दुसरे पंख्याच्या अर्थच्या तारेवर लावले. दोन्ही बाजू ऋणच असल्याने तिथे जवळजवळ शून्य यायला हवे होते. आले ३.७. उरलेले ०.२ व्होल्ट धन बाजूच्या तारेत होते. बेरीज अचूक जुळली, आणि इतके दिवस साचलेली चिडचिड त्या क्षणी ओसरली. वाटेतल्या व्होल्टांच्या बेरजेचा जो नियम मी दरवर्षी फळ्यावर लिहिते तो माझ्याच गाडीच्या नाकाखाली मला सापडला होता. साधारण १० अँपिअर घेणाऱ्या पंख्याच्या वाटेत चार दशांश ओहमच्या आसपासचा रोध बसला होता, आणि जी वीज पंख्याने वारा करण्यासाठी वापरायची, तिचा चौथ्याहून अधिक हिस्सा एका बोल्टाला तापवण्यात जात होता. बोल्टाला बोट लावले तर खरोखर चटका बसला.

बोल्ट खोलल्यावर कारण उघडे पडले. २०२४ च्या रंगकामानंतर अर्थची तार कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर न कसता ताज्या रंगावरच कसली होती. सुरुवातीला आट्यांमधून काम भागले असावे. एका पावसाळ्यात तिथे गंज धरला आणि दिवाळीपर्यंत पंखा दमला. इलेक्ट्रिशियनदादांनी पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, तारेच्या टोकाला नवे थिंबल (बोल्टाखाली कसायची धातूची कडी) दाबून बसवले, बोल्ट कसून वर ग्रीस लावले. पुन्हा मोजले तर ३.७ च्या जागी ०.१ व्होल्ट. पंख्याचा आवाज इतका बदलला, की शेजारच्या दुकानातला मुलगा बघायला बाहेर आला. त्यांनी २५० रुपये मागितले. मी ५०० दिले, तेव्हा वरचे परत करू लागले; मग त्यांच्याकडूनच बॅटरीची अग्रे साफ करून घेतली आणि हिशेब पुरा केला.

त्या आठवड्यात एप्रिलच्या दुपारी मी गाडी सोसायटीच्या आवारात एसी लावून ३५ मिनिटे उभी चालू ठेवली, आणि काटा मध्यावरून हलला नाही. पुढच्या शनिवारी खंबाटकीत मुद्दाम एका लोखंड भरलेल्या ट्रकमागे राहिले. आई म्हणाली, “पुढे जागा आहे, काढ की गाडी.” मी काढली नाही. माथ्यापर्यंत काटा तसाच राहिला.

जुनी गाडी सांभाळताना आणखी बरेच काही दुरुस्त केले, पण त्यात सांगण्यासारखा त्रास झाला नाही. खड्ड्यांतून खडखड येत होती, ती सस्पेन्शनमधले लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश बदलल्यावर थांबली. सकाळी सेल्फ मंद घेत होता; बंद गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीत साधारण १३.८ ते १४.४ दाखवत असेल तर बॅटरी व अल्टरनेटरवर संशय घेण्याआधी तारांचे जोड पाहावेत, हे आता मी आधी करते. टायरची नक्षी भरपूर शिल्लक असली तरी बाजूवरचा चार अंकी आकडा वाचावा, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. आमचे मागचे दोन टायर नऊ वर्षांचे निघाले आणि ते त्याच दिवशी बदलले. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून गाडी कमी चालली तरी ते दोन वर्षांनी बदलून घ्यावे.

आणि सर्वांत आधी सांगायला हवे होते ते राहिलेच: गाडीत एक वही ठेवावी. बिघाड कधी दिसला, वेग किती होता, एसी चालू होता का, चढ होता का, बाहेर ऊन होते का, हे त्याच वेळी लिहावे, आणि गाडी दुरुस्तीला देताना त्या पानाचा फोटो जॉब कार्डला जोडायला लावावा, म्हणजे कोणी ते दोन शब्दांत कापून टाकणार नाही. माझ्या वहीत आईचे दिवाळीतले वाक्य मी मागाहून, तिच्याच शब्दांत, पहिल्या पानावर लिहिले आहे.

सर्व्हिस सेंटरला मी थर्मोस्टॅटच्या चाचणीचे आकडे आणि मल्टिमीटरची छायाचित्रे जोडून पत्र दिले. सहा आठवड्यांनी एसीच्या गॅसचे पैसे परत आले. थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचे नाहीत. दुसरे पत्र पाठवले आहे. दरम्यान रेडिएटरचा खालचा होस दाबला की भेगा दिसतात, तो पावसाळ्याआधी गल्लीतल्या दादांनीच सुचवलेल्या फिटरकडून बदलून घ्यायचा आहे.